शंभराला टेकलं की बंद

"झाला बघा बंद," दुरुस्तीवाला म्हणाला. "तीन मिनिटंसुद्धा झाली नाहीत."

ताईने मान डोलावली. तिला घड्याळ बघायची गरज नव्हती. व्हिडिओ सुरू केला की हा संगणक दोन मिनिटं चाळीस सेकंद टिकतो, हे तिला तोंडपाठ होतं.

पलंगावर आप्पा पडून होते. मानेखालचं अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली. उरले होते ते डोळे. पडद्यावरच्या एकेका अक्षरावर नजर रोखली की कॅमेरा ते टिपायचा, अक्षरांचे शब्द व्हायचे आणि संगणक ते मोठ्याने बोलून दाखवायचा. हे सगळं ताईच्या धाकट्या भावाने जमवून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी तो परदेशातून रजा काढून आला, एकेक भाग विकत आणून याच खोलीत फरशीवर बसून त्याने संगणक जोडला. ताई शेजारी बसून स्क्रू हातात देत होती. बोलण्यासाठी त्याने आवाजही आपलाच भरून दिला. "आप्पा, आता मला रागवाल तेही माझ्याच आवाजात," असं म्हणून हसत हसत परत गेला.

तेव्हापासून दर रविवारी पाचला बापलेकांचा कॉल ठरलेला. गेले पाच महिने मात्र तो होत नव्हता. 'पाणी', 'कूस', 'दिवा घालव' एवढं बोलण्यापुरता संगणक तग धरायचा. कॉल लावला की तापून मान टाकायचा.

आप्पांना व्यायाम द्यायला येणाऱ्या बाईंना हे बघवेना. त्यांनीच ताईला न विचारता आज हा दुरुस्तीवाला पाठवला होता. नेमका रविवार. घड्याळात साडेतीन वाजले होते.

"उद्या आलात तरी चाललं असतं," ताई म्हणाली. "आज तुमचीही सुट्टी."

"अहो ताई, यांचं तोंड बंद ठेवून मी कसली सुट्टी घेऊ?" तो फरशीवर मांडी घालून बसला. "प्रोसेसर शंभर अंशांना टेकला की स्वतःचा जीव वाचवायला बंद होतो. माणसापेक्षा शहाणा म्हणायचा. आपण तापलो की बडबडत सुटतो."

आप्पांच्या डोळ्यांच्या कडा किंचित हलल्या. ते हसले की तसं व्हायचं.

दुरुस्तीवाल्याने झाकण काढलं. आधी धूळ शोधली. सापडली नाही.

"इतका स्वच्छ? दुसरीकडे उघडलं तर आतून गोधडी निघते."

"मी पुसते अधूनमधून."

पंखे फिरवून पाहिले. सगळे गरगर फिरत होते. मग त्याने प्रोसेसरवरच्या कूलरचे स्क्रू सोडले, कूलर हलकेच उचलला आणि उष्णता वाहून नेणाऱ्या करड्या पेस्टला बोट लावलं.

"ही ओली कशी? दोन वर्षांत हिचा खडू व्हायला हवा होता."

"चांगल्यातली असेल," ताई म्हणाली. "धाकटा स्वस्तातलं काही आणत नाही."

त्याने कूलर उलटा केला आणि मांडीवर थाप मारली. कूलरच्या तळाला पातळ, पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं होतं. त्याला एक लाल शेपटी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, लावण्यापूर्वी काढा.

"घ्या! हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! कूलरने प्रोसेसरला टेकून उष्णता ओढून घ्यायची, तर मध्ये हे. तुमच्या भावाला फोन करून चांगलं चिडवा."

"चिडवते."

"पण मग आधीचं दीड वर्ष चालला कसा?"

"यंदा उकाडा जास्त आहे ना."

"ते आहेच," तो म्हणाला आणि कामाला लागला. आप्पा मात्र ताईकडेच बघत होते.

तो प्लास्टिक चुरगळायला गेला, तसा तिने हात पुढे केला. "द्या इकडे. मी टाकते."

नवी पेस्ट लागली. कूलर बसला. संगणक सुरू झाला आणि तापमानाचा आकडा बेचाळीसवर येऊन थांबला. मग अर्धा तास व्हिडिओ चालवून पाहिला. साठच्या वर काही आकडा जाईना.

"आता भावालाच कॉल लावून बघू या का? खात्री होईल."

"तिकडे आत्ता झोपेची वेळ," ताई घाईने म्हणाली. "पाचला उठतो तो."

"मग पाचला पोटभर बोला, आप्पा! तासभर बोला, दोन तास बोला. काही होत नाही याला."

त्याला सोडायला ती दारापर्यंत गेली. कडी लावली आणि तिथेच उभी राहिली. पाचला पाच मिनिटं कमी होती.

मुठीतलं प्लास्टिक घामाने तळव्याला चिकटलं होतं. पाच महिन्यांपूर्वी परदेशातून एक फोन आला होता, धाकट्याच्या सहकाऱ्याचा. तो तिने स्वयंपाकघरात नळ पूर्ण सोडून घेतला. अपघात रस्त्यावरचा होता, सगळं जागीच संपलं होतं. आप्पांना धक्का सोसणार नाही, असं डॉक्टर आधीच बजावून गेले होते. त्याच आठवड्यात एका दुपारी आप्पांचा डोळा लागलेला पाहून तिने धाकट्याचं सुट्या भागांचं खोकं उघडलं. त्याने जपून ठेवलेलं हे प्लास्टिक आणि उरलेली पेस्ट काढली. हे काढायचं राहिलं तर तापून मरेल बिचारा, असं जोडताना त्यानेच तिला सांगितलं होतं.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती आत येऊन पलंगाच्या कडेला टेकली.

"आप्पा," ती म्हणाली, "धाकटा..."

आप्पांनी तिच्यावरची नजर काढून पडद्याकडे वळवली. एकेक अक्षर उजळत गेलं. मग खोलीत धाकट्याचा आवाज उमटला.

"ताई, ते प्लास्टिक परत लाव."