फीत

शिकायला वेळ लागणाऱ्या मुलांच्या वर्गात मावशी बिनपगारी शिकवायला यायची. नव्या खोलीची फीत वर्गातल्या चिमणीनं कापायची, असं ठरलं, तेव्हापासून पोरीनं रद्दी कापकापून बोटं लाल केली होती. आज जीभ दातांत धरून ती कात्री फितीवर बसवत होती. पाहुणे घड्याळं बघू लागले. "अशानं संध्याकाळ होईल," म्हणत संस्थेच्या अध्यक्षांनी कात्रीसकट तिचा हात मुठीत धरून कचकन फीत कापली. टाळ्या वाजल्या. चिमणीनं लोंबणाऱ्या टोकांकडे बघत विचारलं, "मावशी, मी कापली?" "हो तर, तूच कापलीस!" अध्यक्षच कॅमेऱ्याकडे बघून हसत म्हणाले. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं दोन्ही टोकं ओढून करकचून गाठ मारली. "उद्घाटन व्हायचंय अजून. घाई असेल त्यांनी खुशाल निघावं," ती कडाडली. मग कात्री धरलेल्या चिमणीला म्हणाली, "हं, आता सावकाश काप."