दीड आटा

मेन स्विच खाली होता, स्विचला कुलूप होतं, कुलपाची किल्ली फिटरच्या खिशात होती, आणि तरीही व्हॉल्व्हवरचं चाक फिरायला लागलं.

फिटरने झडप घालून ते दोन्ही हातांनी धरलं. चाक थांबलं. पण अडकल्यासारखं नाही, तर समोरच्याने हात न काढता जरा दम खावा तसं. पलीकडून ओढ होती. एका माणसाच्या ताकदीची, जास्त नाही.

वास्तविक हे चाक आता शोभेचं होतं. दोन महिन्यांपूर्वी व्हॉल्व्हच्या डोक्यावर विजेचा डबा बसवला होता. बटण दाबलं की डब्यातली मोटर व्हॉल्व्ह उघडायची, बंद करायची. मोटर चालू असतानासुद्धा चाक हलत नाही, ते फक्त हाताने फिरतं, असं तीन दिवसांच्या प्रशिक्षणात चहा-बिस्किटांसह शिकवलं होतं.

व्हॉल्व्हच्या अलीकडे भरलेली टाकी होती. पलीकडे, रांगतच जाता येईल एवढ्या पाइपात, साठ फूट आत फिटरचा मेहुणा पालथा पडून भेग बुजवत होता.

"दाजी!" पाइपातून आवाज आला. "पाणी येतंय हो! मघाशी थेंब होते, आता धार लागलीय. बंद आहे ना नक्की?"

फिटरने मान वळवून डब्याची छोटी स्क्रीन पाहिली. वीज गेली तरी ती बॅटरीवर जागी असे.

"शंभर टक्के बंद!"

"मग ही धार कितव्या टक्क्यातली?"

"बाहेर ये तू आधी!"

"उलटं रांगत येतो, दुपारपर्यंत पोचेन! कोपर बुडलं माझं. ताईला काय तोंड दाखवणार आहात?"

हिशेब सरळ होता. शंभर टक्के बंद असलेला व्हॉल्व्ह आणखी बंद होऊ शकत नाही. म्हणजे चाक ज्या बाजूला ओढ घेतंय ती उघडायचीच बाजू असणार. चाक सुटलं की टाकी मेहुण्याच्या अंगावर. त्याने मुठी आणखी आवळल्या.

मग त्याला अंगठ्याखाली चाकावरचा बाण लागला. वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. ओढ बाणाच्या दिशेने होती. बाण 'बंद'चा होता.

हे चाक तीस वर्षं एकाच माणसाच्या हातात होतं. त्याला सगळे दीडआटे म्हणायचे. व्हॉल्व्ह पुरता बसला, चाक घट्ट झालं, की तो तळहातांवर थुंकून आणखी एक फेरा द्यायचा आणि वर अर्धा. "टेकला म्हणजे बंद झाला असं नसतं रे," म्हणायचा. डबा बसवायला आलेल्या इंजिनियरलाही त्याने हे सांगून पाहिलं. इंजिनियर हसला. डबा आला तसं दीडआट्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. घड्याळातली पहिली बॅटरी संपायच्या आत म्हातारा गेला. फिटर खांदा द्यायला होता.

"दाजी, हनुवटीला लागलं!" आतला आवाज आता थट्टेचा नव्हता.

स्क्रीन एक सांगत होती, चाक दुसरं. स्क्रीनला दोन वर्षांची गॅरंटी होती.

फिटरने चाक सोडलं.

चाक सावकाश फिरलं. एक फेरा पुरा झाला. मग अर्धा. मग थांबलं, आणि पाइपावर दोन ठोके पडले.

दोन ठोके म्हणजे बंद झालं, मी इथे उभा आहे. तीन ठोके म्हणजे माणसं बाहेर, आता उघड. डबा येण्याआधीची ही रीत. फिटरचा पाना पिशवीत होता आणि पिशवी दाराजवळ.

आतून मेहुण्याने, सवयीने, एक ठोका देऊन पोच दिली.

"थांबली धार!" तो ओरडला. "एवढंच होतं तर मघापासून काय हात बांधले होते का?"

तासाभराने भेग बुजवून तो बाहेर आला, नखशिखान्त भिजलेला आणि शिव्या देत. पाठोपाठ साहेब आले. कुलूप निघालं, स्विच वर झाला, साहेबांनी 'उघडा'चं बटण दाबलं. डबा गुरगुरला आणि गप्प झाला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"आवळलाय कुणीतरी. चाकाला हात कुणी लावला?"

"धरलं होतं, साहेब. फिरवलं नाही."

"मग बंद कुणी केला?"

मेहुणा दाजींकडे बघायला लागला. फिटर भिंतीवरच्या पाटीकडे बघत होता. साहेबांनी स्वतः रंगवून घेतलेली पाटी: 'ज्याने बंद केला, त्यानेच उघडावा.'

"त्यालाच उघडावा लागेल, साहेब. नियम आहे."

"मग बोलव की त्याला!" साहेबांनी बटणावर बोट दाबून धरलं. "मी थांबलोय."

फिटर दाराशी गेला, पिशवीतून पाना काढून आणला आणि पाइपावर तीन ठोके दिले.

साहेब हसले. चाक उलटं फिरायला लागलं तेव्हाही ते हसू थोडा वेळ चेहऱ्यावर राहून गेलं होतं. एक फेरा झाला. साहेबांनी बटणावरचं बोट काढून घेतलं, आणि अरुंद जागेत कुणाला तरी वाट द्यावी तसे अंग चोरून भिंतीला टेकले. अजून अर्धा बाकी होता.