अठ्ठावन्नच्या पुढे

"मॅडम, पोरीचा दाखला काढून द्या," पायरीवर चपला काढता काढताच लखननं सांगून टाकलं.

धम्मदीपा मॅडम फळ्यावर तिसरीची गणितं लिहीत होत्या आणि मान न वळवता पहिलीला गप्प बसवत होत्या. चार वर्ग, एक खोली, एक मॅडम. दुसऱ्या गुरुजींची बदली होऊन कितीतरी महिने झाले, पण त्यांच्या जागेवर अजून कुणी उगवलं नव्हतं.

"काहून हो, लखनभाऊ?"

"सोमवारपासून रिसोडले कॉन्व्हेंटात पाठवतो तिले. व्हॅन घरापर्यंत येते." वाटेत घोकलेलं सगळं लखननं एका दमात ओतलं. "इथं चार वर्गांले तुमी एकट्या. त्यातबी अर्धा दिवस मोबाइलमधी माहिती भरून राह्यल्या. नापास तं कोनाले करायचंच नाई. अन् वरून हे पन्नास नऊ!"

खरं दुखणं ते पन्नास नऊचंच होतं. काल खळ्यावर सोयाबीनचे कट्टे मोजायला त्यानं दुसरीतल्या वैष्णवीला मोठ्या कौतुकानं उभं केलं होतं. पोरीनं बोट दाखवत, न चुकता मोजले आणि सांगितलं, "पन्नास नऊ!" हमाल पोट धरून हसले. लखनच्या पोरीला एकोणसाठ म्हणता येत नाही! नव्या पुस्तकात तसंही म्हणतात, हे हमालांना कोण समजावणार? लखनला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"मी दोन्ही शिकवते, भाऊ. पन्नास नऊ म्हणजेच..." मॅडम सांगू लागल्या आणि त्यांचा फोन वाजला. वरून होता. मुलांची कसलीशी माहिती आत्ताच्या आत्ता पाहिजे होती. "जरा थांबा, देते दाखला," म्हणत त्या रेंज शोधायला पटांगणात गेल्या. जाता जाता पोरांना म्हणाल्या, "सुटायची वेळ झाली, उजळणी म्हणा!"

शनिवारची सकाळची शाळा. चौथीतली एक मुलगी पुढे येऊन अंक सांगू लागली आणि बाकीची पोरं तिच्यामागे म्हणू लागली. पण पोरंच मोजकी. आवाज कुंपणाच्या पलीकडेसुद्धा जाईना. लखनला ऐकवेना ते.

त्याच्या वेळी हीच उजळणी अख्ख्या गावाला ऐकू जायची. इंगोले गुरुजी खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि सांगायची पाळी लखनची असली की गावाची करमणूक व्हायची. अठ्ठावन्नपर्यंत गडी सुसाट. तिथून पुढे एकोणसाठ म्हणायचं सोडून ठोकून द्यायचा, 'एकोणपन्नास!' मग पन्नास, एकावन्न, बावन्न... अख्खी शाळा बिनतक्रार त्याच्यामागे मागे जायची, फिरून अठ्ठावन्नवर यायची आणि पुन्हा मागे. हापशीवरच्या बाया हसून हसून बेजार. शाळेमागच्याच घरात त्याची आई, तुळसाबाई, चाळीस कानावर आले की भाकरीसाठी चुलीवर तवा ठेवायची आणि पोरगं पन्नासावर परतलं की तो उतरवून ठेवायची. कान पिळून निघायचे, पण काय गोड दिवस होते ते!

चाळीस म्हणून झाले आणि वर्ग एकदम शांत झाला. सांगणाऱ्या मुलीला ठसका लागला होता, ती पाणी प्यायला गेली. सगळी पोरं लखनकडे टकामका बघत होती.

"म्हना न रे पुढं," लखन म्हणाला.

"सांगन कोन?"

त्यानं बाहेर पाहिलं. मॅडम फोन उंच धरून पटांगणभर फिरत होत्या. लखननं घसा खाकरला, शर्ट खाली ओढला आणि फळ्यापुढे ताठ उभा राहिला.

"एक्केचाळीस!"

"एक्केचाळीस!" पोरांना भलताच हुरूप आला. त्यांचा आवाज चढला तसा लखनचाही चढला. पन्नास मागे पडले. खिडकीच्या गजावरच्या चिमण्या उडाल्या. लखन पुरता रंगात आला होता.

"सत्तावन्न! अठ्ठावन्न! एकोणपन्नास!"

"एकोणपन्नास!"

"पन्नास! एकावन्न!"

वैष्णवी जागेवरून उठली. "बाबा, तुमी मागं काहून चालले? पन्नास आठच्या पुढं पन्नास नऊ येते न!"

वर्ग खदखदून हसला. लखन आधी ओशाळला, मग तोही हसू लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"एकोणसाठ," तो हळूच म्हणाला.

"तेच ते," वैष्णवी म्हणाली आणि खाली बसली.

शंभर गाठले तेव्हा मॅडम घाम पुसत आत आल्या. "माफ करा भाऊ, आता तुमचा दाखला..."

"राहू द्या. तुमचं झालं का काम?"

"कुठलं! माहिती भरत आली अन् साइटच बंद पडली."

"हे असं चालनार नाई, मॅडम. दुसरा मास्तर मागाले सोमवारी तालुक्याले जातो आमी. समद्या पोरायचे मायबाप नेतो संगं." मग वैष्णवीचं दप्तर खांद्याला अडकवत तो म्हणाला, "व्हॅनवाल्याले सांगतो, नको येऊ म्हनून."

बापलेक घरी आले तेव्हा तुळसाबाई चुलीपुढे बसली होती. परातीत पीठ मळून तयार, जाळ चांगला पेटलेला, आणि तवा मात्र खाली भिंतीला टेकवलेला.

"भाकर नाई झाली का व, आई, अजून?" लखननं विचारलं.

"कशी होईन?" तुळसाबाईनं तवा उचलून चुलीवर ठेवला. "तू पन्नासावर परत गेला न. म्हनून उतरवून ठेवला."