नांगरलेलं रान

निवृत्त हवालदार सर्जेराव बांधावर अडले. समोर स्वतःचंच नांगरलेलं रान, तरी अंगाला घाम सुटला.

सीमेवर सुरुंग फुटून जोडीदार गुरमेल गेला, तेव्हापासून ते मोकळ्या मातीवर पाय ठेवत नव्हते. "रोज थोडं पुढं जा," डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मी पुढं होते. माझ्या पावलांवर पाय ठेवत या," म्हणत बायको ढेकळांत उतरली.

"थांब!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले, की ती जागीच थिजली. "गुरमेलही असाच पुढं होता. त्या दिवशी पाळी माझी होती गं."

सहा वर्षांत हे ते कुणापाशीच बोलले नव्हते. डॉक्टरांपाशीही नाही.

"मग आज तुम्ही पुढं व्हा," ती म्हणाली.

ते मातीत उतरले आणि तिच्यापुढं झाले.