हिरवा दिवा

आश्रमशाळेत भाकऱ्या थापणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या जमनाबाई पाडवीची मनगटं सुजून टम्म झाली होती. तरी दवाखान्यातल्या तपासणीच्या कमानीखाली उभं राहताच आजही हिरवाच दिवा लागला. कमान कंबर आणि उंची मोजून अंगातला दाह सांगायची आणि तांबडा दिवा लागल्याशिवाय औषधाचं कपाट उघडत नसे.

“तुमची कंबर बारीक आहे, ताई. यंत्राच्या हिशेबी तुम्हाला काही झालेलं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“मग हे काय आहे?” जमनाबाईने मनगट पुढे केलं.

“मला दिसतंय हो! पण ही मापं शहरातल्या जाड माणसांवरून ठरवलीत. वर सांगून सांगून मी थकले.”

जमनाबाई तणतणत बाहेर गेली. ओसरीवर बसलेल्या नवऱ्याच्या खांद्यावरची चादर तिने ओढून घेतली, लुगड्याखाली कमरेला गुंडाळली आणि पुन्हा कमानीखाली येऊन उभी राहिली. दिवा तांबडा झाला. कपाट खटकन उघडलं.

चादरीचं टोक बाहेर लोंबत होतं. डॉक्टरीणबाईंनी ते आत खोचलं आणि सुई भरायला घेतली.

“दुखणं खरं असूनही अंग खोटं करावं लागतं, बाई,” जमनाबाई म्हणाली आणि दंड तिने पुढे केला.