बिघडवून दाखव

यंत्र चाललं, आणि भिंगरी हादरली.

रबराचं बोट पुढे आलं. टेबलावरच्या जाडजूड पुस्तकाचं एक पान त्याने अलगद उचललं, उलटलं, आणि शहाण्या बाळासारखं ते मागे जाऊन बसलं. मग दुसरं पान. मग तिसरं. परीक्षक सर आणि परीक्षक बाई चष्म्यावरून बघत राहिले. सगळ्यात जास्त डोळे फाडून बघत होती ती भिंगरीच. कारण काल संध्याकाळपर्यंत हे यंत्र पानं उलटत नव्हतं, पुस्तक भिरकावत होतं!

आणि तेच तर हवं होतं. यंत्रं घडवायला शिकवणाऱ्या या कॉलेजची प्रवेशाची अटच जगावेगळी. स्वतः बनवलेली, न चालणारी वस्तू घेऊन या आणि ती का चालत नाही ते सांगा. भिंगरीने लहानपणापासून दुसऱ्या कुठल्या कॉलेजचं नाव काढलं नव्हतं. अर्जही एवढा एकच केला होता. तिच्या आधी एक मुलगा छान वाजणारी घंटा घेऊन आत गेला होता. "चालणाऱ्या वस्तू दुकानात मिळतात, बाळ," म्हणून सरांनी त्याला लगेच वाटेला लावलं होतं.

"हे तर चालतंय की!" सर म्हणाले. "मग बिघाड कुठाय?"

भिंगरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरं ते तोंडातून निघून गेलं.

"बिघाड बाहेर बाकावर बसलाय, सर. माझी आई."

आईचं दुरुस्तीचं दुकान होतं. पंखे, मिक्सर, इस्त्र्या. बंद पडलेलं काही दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. शेजारणीने पाहुणे वेळेवर उठावेत म्हणून मुद्दाम पुढे ठेवलेलं घड्याळसुद्धा तिने चहा पिता पिता बरोबर करून टाकलं होतं. म्हणून भिंगरीने सकाळी अक्षरशः हात जोडले होते. "आई, हे बिघडलेलंच न्यायचंय हं. हात लावू नकोस." "मी कशाला लावतेय बाई!" असं आई म्हणाली होती. आणि मग भिंगरी आंघोळीला गेली होती. तिथेच चुकलं.

बाई खुदकन हसल्या. सर हसले नाहीत.

"बरं. मग आता बिघडवून दाखव. होतं तसंच."

बिघडवून? असलं काही तिच्या घरात आजवर कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यातून खरी पंचाईत वेगळीच होती. ते का बिघडलं होतं, हे तिलाच कुठे ठाऊक होतं? जेवता जेवता वाचणाऱ्या बाबांसाठी तिने हे यंत्र केलं होतं, खरकटी बोटं पुस्तकाला लागू नयेत म्हणून. पान उलटेना, तेव्हा तिने मोठी मोटर बसवली. तरी उलटेना, मग त्याहून मोठी. शेवटी शेवटी बाबा हेल्मेट घालून जेवायला बसायचे. 'मोटर अजून कमजोर आहे,' हेच उत्तर ती पाठ करून आली होती.

ती यंत्रावर वाकली. मोटर तीच. वायरी त्याच. एक स्क्रूही हललेला नव्हता. मग तिचं लक्ष रबराच्या बोटाकडे गेलं. त्याच्या टोकाला दोऱ्याने बांधलेला स्पंजचा एवढासा पिवळा तुकडा होता. तिने हात लावून पाहिला. ओला! दुकानात पावत्या सुट्या करताना आई ज्यावर बोट टेकवायची, त्याच स्पंजचा हा लचका.

भिंगरीने तो सोडला, बोट ओढणीने खडखडीत पुसलं आणि बटण दाबलं. बोट पानावरून एकदा घसरलं, दोनदा घसरलं, आणि तिसऱ्यांदा असं काही खवळलं की पुस्तक गरगरत सरांच्या कानाजवळून गेलं आणि कपाटावर आदळलं. सर टेबलाखाली गेले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "का?"

"बोट कोरडं होतं, सर!" भिंगरी ओरडलीच. "कोरडं बोट घसरतंच! मला वाटलं ताकद कमी पडतेय. मी वेड्यासारखी जोर वाढवत गेले, आणि त्याला हवा होता नुसता ओलावा!"

तिला हसू आवरेना. तिने स्पंज लावला, पान उलटलं. काढला, पुस्तक उडालं. मग बाईंनी बटण दाबून पाहिलं. मग सरांनाही राहवेना. तिघांनी मिळून ते यंत्र इतक्यांदा बिघडवलं आणि सुधारलं की पुस्तकाची पाठ सुटली.

तेवढ्यात दार ढकलून शिपाई आत आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"सर, बाहेर या! मुका भोंगा बोंबलतोय. न उडणारं विमान छताला जाऊन चिकटलंय. पोरं रडकुंडीला आलीत. एक बाई पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढून एकेकाचं नीट करत सुटल्यात!"

भिंगरीने ओढणीत तोंड लपवलं. बाहेरून आईचा आवाज आला, "रडतोस कशाला रे? बघ, चालतंय आता!"

"त्या सगळ्यांना सांग, आत येऊन आपापलं बिघडवून दाखवा," सर शिपायाला म्हणाले. मग ते भिंगरीकडे वळले. इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू आता त्यांच्या सबंध चेहऱ्यावर पसरलं होतं.

"मुलीला प्रवेश," ते म्हणाले. "आणि आईला प्रवेश बंद!"