अ चे ब, ब चे क

"धांदरट, झालं का?" साहेबांनी केबिनमधून हाळी दिली. केबिनचं दार ते कधी लावून घेत नसत. बंद खोलीत त्यांचा जीव गुदमरे. दुसऱ्याला अडकवून ठेवायला मात्र त्यांची ना नसे.

"होतंय, साहेब," प्रोग्रामर म्हणाला.

चहा सांडून, फायली विसरून त्याने हे नाव कमावलं होतं. नोकरी सोडतो म्हटलं की साहेब करार वाढवत. त्याची पदवीची मूळ कागदपत्रं त्यांच्या पोलादी कपाटात होती, आणि नव्या नोकरीत ती उद्या सकाळी दाखवायची होती.

"पुढच्या वर्षी बघू," साहेब कालच गोड हसले होते.

कचेरीतली सगळी कुलपं संगणकावर चालत. एक लांबलचक ओळ. दर दाराला एक अक्षर. अ म्हणजे उघडं, ब म्हणजे बंद, क म्हणजे पक्कं कुलूप. कपाटाला क. गच्चीच्या दाराला, कबुतरांमुळे, ब. आज नवं यंत्र आलं होतं, आणि त्यात उघड्याला ब, बंदला क, पक्क्या कुलपाला अ. ओळीतली अक्षरं तेवढी बदलायची.

त्याने सगळ्या अ चे ब केले. मग सगळ्या ब चे क. मग सगळ्या क चे अ. ओळ यंत्रात घातली.

खट्ट. खट्ट. खट्ट.

साहेबांनी जिन्याचं दार ओढून पाहिलं. गच्चीचं पाहिलं. "अरे, काय करून बसलास?"

"सगळेच अ झाले, साहेब. मुळात कुठलं काय होतं, आता ओळखू येत नाही."

"गाढवा, प्रत्येक अक्षर एकदाच बदलायचं असतं! शेंबड्या पोराला कळतं हे!" त्यांनी कॉलर सैल केली. कपाळावर घाम फुटला होता. "उघड आधी!"

"कुठलं, साहेब?"

"सगळं उघड! जीव जातोय माझा!"

त्याने सगळ्यांचे ब केले. साहेब धडपडत गच्चीवर पळाले.

धांदरटाने डबा पिशवीत टाकला. शांतपणे केबिनमध्ये जाऊन उघड्या कपाटातून आपली फाईल काढली. मग जागेवर येऊन, नव्या यंत्राचं माहितीपत्रक आलं त्या सोमवारीच लिहून ठेवलेला दुसरा प्रोग्राम चालवला. तो जुन्या ओळीची जपलेली प्रत घेई आणि प्रत्येक अक्षर एकदाच बदले. दारं बिनचूक जागच्या जागी बसली: जिन्याचं उघडं, कपाटाला पक्कं कुलूप, आणि गच्चीचं, कबुतरांमुळे, बंद.